पांढरी शी, ६० दिवस आणि आईच्या लिव्हरचा तुकडा

माझी भाची नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात असते. तिची मुलगी दीड महिन्याची असताना मी तिला बघायला गेले होते. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी नुकतीच उरकली होती आणि घरातले बहुतेक सगळे बागेत होते. बाळ गुटगुटीत होतं, दूध छान ओढत होतं, फक्त डोळे पिवळे होते. त्याचं उत्तर घरात तयार होतं: अंगावरच्या दुधाची कावीळ आहे, रोज सकाळी कोवळ्या उन्हात धरतो. शेजारणीने काविळीची माळही आणून दिली होती. दोरीवर वाळणाऱ्या दुपट्यांवर लघवीचे गडद पिवळे डाग होते. शी मात्र पांढरट, ओल्या खडूसारखी होती. "मावशी, नुसतं दुधावर आहे ना, मग शी पांढरीच असणार," भाची म्हणाली आणि मी मान डोलावली. शाळेत इतकी वर्षं विज्ञान शिकवूनही मी मान डोलावली, याचं शल्य अजून जात नाही.

निदान झालं तेव्हा बाळ ७५ दिवसांचं होतं. पुढे मुंबईच्या वाऱ्या, एक ऑपरेशन, ते लागू न पडणं आणि दहाव्या महिन्यात लिव्हर ट्रान्सप्लांट. लिव्हरचा तुकडा भाचीनेच दिला. मुलगी आता दुसरीत आहे. त्या वर्षभरात डॉक्टरांनी जे सांगितलं आणि नंतर मी जे वाचत गेले, ते इथे मांडते. लहान मुलांच्या लिव्हर ट्रान्सप्लांटमागे साठेक वर्षांचं विलक्षण संशोधन आहे. त्यातला एक भाग मात्र प्रयोगशाळेतला नाही, तो आपल्या घरातल्या दुपट्यापाशी आहे. तो माहीत नसल्यामुळे मुलं उशिरा पोहोचतात.

आधी आजार समजून घेऊ. जुन्या लाल पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. लिव्हर ते पित्तात मिसळून नळ्यांतून आतड्यात सोडतं. शीला पिवळा, हिरवट किंवा तपकिरी रंग येतो तो या पित्तामुळेच, दुधाचा त्याच्याशी संबंध नाही. काही बाळांमध्ये लिव्हरबाहेरच्या पित्ताच्या नळ्या जन्माच्या सुमारास सुजतात आणि बुजून जातात. याला बिलिअरी अट्रेशिया म्हणतात. पित्त आतड्यात उतरत नाही म्हणून शी पांढरी पडते, ते रक्तात चढतं म्हणून डोळे पिवळे होतात आणि लघवीवाटे जातं म्हणून लघवी गडद होते. अडकलेलं पित्त लिव्हर आतून जाळत राहतं. उपचार झाले नाहीत तर यातली बहुतेक मुलं दोन वर्षांची होण्याआधी जातात. जगभरात लहान मुलांच्या लिव्हर ट्रान्सप्लांटचं सर्वांत मोठं कारण हाच आजार आहे. युरोप-अमेरिकेत साधारण १५ ते १८ हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. तैवानसारख्या ठिकाणी प्रमाण याहून बरंच जास्त आहे.

फसवणारी गोष्ट म्हणजे पहिले दोन-तीन महिने बाळ आजारी दिसतच नाही. ते हसतं, त्याचं वजन वाढतं. नवजात बाळांची कावीळ आपल्याकडे घरोघरी दिसते आणि बहुतेकदा ती आपोआप उतरते, त्यामुळे ही वेगळी कावीळ त्या गर्दीत लपून जाते.

यावरचा पहिला मार्ग जपानमध्ये सापडला. सेंडाई शहरातले सर्जन मोरिओ कासाई यांनी १९५५ साली एका बाळावर ऑपरेशन केलं. तोवर अशा बाळांच्या बाबतीत पोट उघडून, नळी नाही असं पाहून, पुन्हा बंद करण्यापलीकडे काही होत नसे. लिव्हरच्या तोंडाशी रक्तस्राव होत होता, म्हणून कासाईंनी तिथे आतड्याचा भाग बसवला. नंतर बाळाच्या शीला रंग आला. बाहेरची मोठी नळी बुजलेली असली तरी लिव्हरच्या तोंडाशी डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वाटा उरलेल्या असतात आणि त्यांतून पित्त झिरपू शकतं, हे त्यातून कळलं. आज हे ऑपरेशन त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. आपल्याकडे त्या नावाचा अर्थ भलताच होतो. डॉक्टरांनी 'कसाई करावं लागेल' म्हटल्यावर भाचीच्या सासूबाईंना रडू कोसळलं होतं. ते एका जपानी डॉक्टरचं आडनाव आहे, हे सांगायला अर्धा मिनिट पुरतो आणि तो अर्धा मिनिट प्रत्येक घराला मिळायला हवा.

त्या बारीक वाटा दिवसागणिक बुजत जातात. म्हणून कासाई ऑपरेशन बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत झालेलं उत्तम. ते लवकर झालं तर पित्त वाहू लागण्याची आणि स्वतःच्याच लिव्हरवर अनेक वर्षं निघण्याची शक्यता वाढते. पुढे ट्रान्सप्लांट लागलंच, तरी तोवर मूल मोठं झालेलं असतं, आणि मोठ्या मुलाचं ऑपरेशन तान्ह्यापेक्षा सोपं असतं. आमच्या बाळाचं हे ऑपरेशन ८१ व्या दिवशी झालं.

आता ट्रान्सप्लांटकडे वळू. माणसातलं जगातलं पहिलं लिव्हर ट्रान्सप्लांट मुलावरच झालं. १ मार्च १९६३ रोजी अमेरिकेत डेन्व्हर इथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी बिलिअरी अट्रेशिया असलेल्या तीन वर्षांच्या मुलावर ते केलं. रक्तस्राव थांबला नाही आणि मूल टेबलावरच गेलं. त्यानंतरचेही काही रुग्ण वाचले नाहीत आणि हे काम काही वर्षं थांबवावं लागलं. १९६७ मध्ये लिव्हरचा कॅन्सर असलेली दीड-पावणेदोन वर्षांची एक मुलगी ट्रान्सप्लांटनंतर वर्षाहून थोडी जास्त जगली. तेव्हा हे शक्य आहे, एवढं सिद्ध झालं. त्या पहिल्या मुलांच्या आईवडिलांचा विचार माझ्या मनातून जात नाही. आपल्या लेकराचं काही होणार नाही असं जवळजवळ ठाऊक असताना त्यांनी होकार दिला. आज जे काही आहे ते त्या होकारांवर उभं आहे.

पुढची अडचण शरीराच्या स्वभावाची होती. बाहेरून आलेलं काहीही परकं समजून त्यावर तुटून पडणं हे आपल्या रोगप्रतिकारशक्तीचं कामच आहे. यावरचं औषध मातीतून आलं. नॉर्वेच्या एका पठारावरून आणलेल्या मातीतल्या बुरशीपासून स्वित्झर्लंडमधल्या सँडोझ कंपनीने सायक्लोस्पोरिन शोधलं. ते १९८० च्या सुमारास लिव्हरच्या रुग्णांना देऊ लागले आणि ट्रान्सप्लांटनंतर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांवरून ७० च्या आसपास गेलं. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या परिषदेने हे ऑपरेशन आता 'प्रयोग' राहिलेलं नाही असं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी जपानमध्ये त्सुकुबा डोंगराच्या परिसरातल्या मातीत दुसरा जीव सापडला आणि त्यातून टॅक्रोलिमस आलं. आज मुलांना मुख्यतः हेच दिलं जातं. आमच्या घरी त्याला 'टॅक्रो' म्हणतात. सकाळी आठ आणि रात्री आठ, मोबाइलवर गजर.

औषध मिळालं, पण लिव्हर कुठून आणायचं? लहान मुलाच्या मापाचं लिव्हर मिळायचं तर दुसरं लहान मूल जावं लागतं. अशी लिव्हर फार थोडी मिळतात आणि यादीतली मुलं वाट पाहताच संपायची. माझ्या मते या विषयातलं सर्वांत सुंदर संशोधन इथेच आहे, कारण त्याने हा प्रश्नच बदलून टाकला.

क्लोद क्विनो या फ्रेंच डॉक्टरांनी १९५७ मध्ये दाखवून दिलं होतं, की बाहेरून एकसंध दिसणारं लिव्हर आतून आठ भागांचं असतं. प्रत्येक भागाला रक्ताची आणि पित्ताची वेगळी फांदी जाते. म्हणजे योग्य ठिकाणी कापलं तर भाग सुटा होऊन स्वतंत्र काम करू शकतो. १९८४ मध्ये फ्रान्समध्येच बिस्मुत आणि हुसां यांनी मोठ्या माणसाचं लिव्हर छाटून मुलाच्या पोटात बसवलं. पण उरलेला तुकडा वाया जात होता. १९८८ मध्ये जर्मनीतल्या पिख्लमायर यांनी एकाच लिव्हरचे दोन भाग करून छोटा मुलाला आणि मोठा प्रौढाला दिला. मग साहजिक पुढचा विचार आला: एवढासा तुकडा पुरतो, तर तो जिवंत माणसाकडून का घेऊ नये?

ब्राझीलमध्ये १९८८ च्या अखेरीस सिल्व्हानो राया यांनी तसा प्रयत्न केला, पण मूल वाचलं नाही. जुलै १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये रसेल स्ट्राँग यांनी एका जपानी आईच्या लिव्हरचा डावीकडचा भाग तिच्या मुलाला बसवला आणि ते यशस्वी झालं. त्याच सुमारास शिकागोतल्या चमूने एक वेगळी गोष्ट केली, जी मला ऑपरेशनइतकीच मोलाची वाटते. त्यांनी ऑपरेशन करण्याआधी नैतिकतेवरचा लेख छापला. धडधाकट माणसाच्या पोटावर, त्याचा स्वतःचा काहीच फायदा नसताना, सुरी चालवावी का? मरणाच्या दारातलं मूल समोर असताना आईचा होकार हा खरंच मोकळा होकार असतो का? त्यावर त्यांनी उपाय सुचवले. दात्याची बाजू घेणारा वेगळा डॉक्टर हवा, होकार दिल्यावर फेरविचाराला वेळ हवा. नोव्हेंबर १९८९ मध्ये त्यांनी एका आईचा भाग तिच्या मुलीला बसवला. त्यात आईच्या प्लीहेला इजा होऊन ती काढावी लागली. दात्याचा धोका कागदावरचा नाही हे त्या पहिल्याच ऑपरेशनने दाखवलं. आज डावीकडचा छोटा भाग देणाऱ्याच्या जिवाचा धोका साधारण हजारात एक असा सांगतात. भाचीला हा आकडा स्पष्ट सांगितला होता, एकटीला बसवून, नवरा आणि सासरची मंडळी बाहेर असताना. तिला नको असतं तर 'वैद्यकीय कारण' एवढंच घरच्यांना कळलं असतं. ती सोय कुठून आली हे मला नंतर समजलं.

आमच्याकडचे बागायतदार हे सगळं कलमाच्या भाषेत समजून घेतात आणि ती भाषा बरीचशी बरोबर आहे. द्राक्षाच्या डॉगरिज खुंटावर कलम भरताना काडीची जाडी जुळवावी लागते, साल सालीला भिडवावी लागते आणि ती जागा वाळू द्यायची नसते. इथेही मोठ्या माणसाच्या रक्तवाहिन्या बाळाच्या रक्तवाहिन्यांना जोडायच्या असतात. बाळाच्या लिव्हरची धमनी जेमतेम २-३ मिलिमीटरची असते. तिच्यात गुठळी झाली तर नवं लिव्हर वाया जातं. जपानमध्ये १९९७ पर्यंत मेंदूमृत व्यक्तीकडून अवयव घेण्याचा कायदाच नव्हता. त्यामुळे क्योटोच्या कोइची तानाका यांच्या चमूला जिवंत दात्याशिवाय पर्याय नव्हता. १९९० पासून त्यांनी हेच काम वाढवलं आणि धमनी मायक्रोस्कोपखाली शिवायला सुरुवात केली. गुठळ्यांचं प्रमाण घटलं आणि जगभर ती पद्धत पोहोचली.

एका बाबतीत मात्र कलमाची उपमा लंगडी पडते. छाटलेल्या वेलीला जिथे कापलं तिथून फूट येते. लिव्हरमध्ये कापलेला भाग पुन्हा उगवत नाही. उरलेला भागच फुगून मोठा होतो आणि काही आठवड्यांत-महिन्यांत काम भरून काढतो. आईच्या पोटात ते वाढतं आणि बाळाच्या पोटात गेलेला तुकडा बाळाबरोबर वाढत जातो.

किती तुकडा पुरतो, याचाही हिशेब संशोधनातूनच आला. तुकड्याचं वजन मुलाच्या वजनाच्या किमान ०.८ ते १ टक्का असावं. सात किलोच्या बाळाला म्हणजे ७० ग्रॅमही चालेल. पण मोठ्या माणसाचा सर्वांत छोटा सोयीचा भागसुद्धा २००-२५० ग्रॅम भरतो, म्हणजे तीन ते साडेतीन टक्के. तान्ह्या बाळात अडचण उलटी होते. तुकडा कमी नाही, जास्त पडतो. चार टक्क्यांच्या पुढे गेलं की तो पोटात मावत नाही, दाबला जातो आणि रक्त नीट पोहोचत नाही. मग तो आणखी छाटतात. रक्तगट जुळला नाही तरी अगदी लहान बाळांमध्ये बऱ्याचदा ट्रान्सप्लांट जमतं, कारण दुसऱ्या रक्तगटाविरुद्धची प्रतिद्रव्यं त्यांच्यात अजून फारशी तयार झालेली नसतात.

भारतात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये आला. लहान मुलाचं पहिलं यशस्वी लिव्हर ट्रान्सप्लांट नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीत झालं. वीस महिन्यांचा मुलगा, आजार बिलिअरी अट्रेशिया, दाता वडील. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. आमच्या भाचीने हे वाक्य मुंबईच्या वॉर्डात दुसऱ्या एका आईकडून ऐकलं आणि ती पहिल्यांदा नीट जेवली. आपल्याकडे मुलांना मिळणारं लिव्हर बहुतेक वेळा आईचं किंवा वडिलांचंच असतं. कायद्यातल्या जवळच्या नातेवाइकांत २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबाही आले.

एक प्रश्न आम्हाला सतत विचारला जातो: औषधं जन्मभर? आज तरी हो. पण इथे मोठं काम चालू आहे. ही औषधं रोगप्रतिकारशक्ती दाबतात, दीर्घकाळ घेतली तर किडनीवर ताण येतो आणि काही विषाणूंमुळे लसिकाग्रंथींचा कॅन्सरसारखा आजारही होऊ शकतो. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. सँडी फेंग आणि सहकाऱ्यांनी आईवडिलांचं लिव्हर मिळालेल्या, प्रकृती स्थिर असलेल्या २० मुलांची औषधं अगदी हळूहळू बंद केली. त्यातल्या १२ मुलांचं लिव्हर औषधाविना टिकलं. नंतर ८८ मुलांवर मोठा अभ्यास झाला, त्यात हे ३३ मुलांना जमलं. पहिल्या आकड्याने हुरळून जाणाऱ्यांना दुसऱ्याने जमिनीवर आणलं. त्याच कामातून आणखी एक गोष्ट उघड झाली. रक्ताचे रिपोर्ट उत्तम असलेल्या कित्येक मुलांच्या बायोप्सीत, म्हणजे लिव्हरचा कण काढून केलेल्या तपासणीत, लिव्हरला आतून सूज आढळली. म्हणून 'मुलगी ठणठणीत आहे, आता कशाला गोळ्या' असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी हात जोडून थांबवते. अभ्यासातल्या त्या मुलांवर सतत तपासण्यांची नजर होती. घरी मनाने गोळी बंद केली, तर लिव्हर गेल्याचं उशिरा कळतं.

नकारार्थी निकालही किती उपयोगी असतो, याचं एक उदाहरण. कासाई ऑपरेशननंतर जास्त डोसचे स्टेरॉइड दिले तर पित्त चांगलं वाहतं असं अनेक सर्जन मानायचे आणि देतही होते. अमेरिकेत १४० बाळांवर नीट चाचणी झाली, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून निम्म्यांना स्टेरॉइड, निम्म्यांना नकली औषध. २०१४ मध्ये निकाल आला: ठोस फायदा दिसला नाही आणि स्टेरॉइड घेतलेल्या बाळांमध्ये गंभीर त्रास लवकर सुरू झाले. इतक्या बाळांच्या आईवडिलांनी चिठ्ठीवर भरवसा ठेवला, तेव्हा कुठे हे कळलं. काही आजारांत तर औषधाने ट्रान्सप्लांटच टाळलं. टायरोसिनेमिया नावाच्या जन्मजात विकारात १९९० च्या दशकात नायटिसिनोन आलं आणि त्या मुलांसाठी लिव्हर बदलण्याची वेळ क्वचितच येऊ लागली.

आणि आता दुपटं. जपानमध्ये काही डॉक्टरांनी बाळाच्या शीच्या रंगांचं एक कार्ड बनवलं. त्यावर एका बाजूला नॉर्मल रंग असतात, दुसऱ्या बाजूला पांढरट, राखाडी, फिकट पिवळा असे धोक्याचे. आईने शी बघायची आणि रंगाशी ताडून पाहायचं, एवढंच. तैवानने २००४ मध्ये हे कार्ड देशभरातल्या प्रत्येक बाळाच्या आरोग्य-पुस्तिकेत घातलं. ६० दिवसांच्या आत ऑपरेशन होणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढलं आणि स्वतःच्या लिव्हरवर जगणारी मुलंही वाढली. एका छापील कागदाने ट्रान्सप्लांटच्या रांगेतली मुलं कमी केली. अमेरिकेत टेक्सासमधल्या डॉक्टरांनी दुसरी वाट धरली. या बाळांच्या रक्तातलं 'डायरेक्ट' बिलिरुबिन, म्हणजे लिव्हरने पित्तात सोडण्याजोगं केलेलं बिलिरुबिन, जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतच वाढलेलं असतं, हे त्यांच्या लक्षात आलं. मग सुमारे सव्वा लाख नवजात बाळांची ही तपासणी केली आणि त्यांतली बिलिअरी अट्रेशियाची सातही बाळं सापडली. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्या जिल्ह्यात याचा उपयोग कसा करायचा? बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरही त्या जातात. दीड महिन्याची लस द्यायला बाळ आरोग्य केंद्रात येतंच. म्हणजे ६० दिवसांच्या आत कुणीतरी प्रशिक्षित माणूस या बाळाला अनेकदा बघत असतं. त्या वेळी एकच प्रश्न हवा: शी कुठल्या रंगाची होते, दाखवा. घरातल्या अंधाऱ्या खोलीत नाही, अंगणातल्या उजेडात. बाळ १४ दिवसांचं झालं तरी कावीळ उतरली नसेल, तर रक्त तपासून घ्यायचं. त्यात टोटल बिलिरुबिनवर समाधान मानायचं नाही, डायरेक्टचा आकडा वेगळा मागायचा. तो १ मिलिग्रॅमच्या वर असेल तर लहान मुलांच्या लिव्हरच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जायचं. शी पांढरी दिसली तर १४ दिवसही थांबायचं नाही. कोवळ्या उन्हाने ही कावीळ उतरत नाही, माळेनेही नाही. अशा बाळांच्या शरीरात रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के नीट शोषलं जात नाही, त्यामुळे मेंदूत अचानक रक्तस्राव होऊ शकतो. उशीर इतकाही महाग पडू शकतो.

भाची आता कुणाच्याही बारशाला गेली की पाळण्यात डोकावण्याआधी दुपटं बघायला मागते. सुरुवातीला बायका एकमेकींकडे बघायच्या, आता आमच्या भावकीत त्याची सवय झाली आहे. गेल्या महिन्यात वणीला आम्ही दोघी गेलो होतो. बारा दिवसांचं बाळ, जरासं पिवळं. तिने त्याच्या आजीला दुपटं घेऊन अंगणात बोलावलं. शी हळदीसारखी पिवळीधमक होती.